परदेशी नोकरीतल्या माणसांचे भालेराव साहेब

आदरणीय शमुवेल भालेराव साहेब यांच्याशी माझी पहिली ओळख झाली ती उशिरा आल्यामुळे. कोपरगाव तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्यात ते टाइम ऑफिसचे, म्हणजे हजेरी खात्याचे, प्रमुख होते आणि मी नुकताच पॅनवर लागलो होतो. पॅनमन म्हणजे उसाचा घट्ट रस शिजवून त्यातून साखरेचा दाणा धरवणारा कामगार. त्या सकाळी एस.टी. चुकली आणि मी उशिरा पोचलो. गयावया केली, पण साहेबांनी उशीर मांडलाच. त्याच आठवड्यात बदली माणूस आला नाही म्हणून मी पाळी संपल्यावरही थांबलो. त्याबद्दल मी कुणाला काही बोललो नव्हतो. साहेबांनी मला बोलावून घेतले आणि विचारले, "गोरख, जास्तीचे तास सांगितले का नाहीस? मी काय फक्त उशीरच लिहायला बसलोय?"

पुढे मी पूर्व आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यात पॅनमन म्हणून गेलो. साहेब निवृत्त होऊन श्रीरामपूरला स्थायिक झाले. आपल्या भागातून परदेशी जाणारे बॉयलरवाले, फिटर, परिचारिका अशी कितीतरी माणसे करारपत्र घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागली होती. मी मात्र स्वतःवर वेळ आल्यावरच गेलो.

तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या दुरुस्तीच्या काळात मी सहा आठवड्यांच्या रजेवर गावी आलो. परतीची वेळ झाली तेव्हा कंपनीने कळवले, "कामाच्या परवान्याचे नूतनीकरण अजून झालेले नाही. कागद येईपर्यंत तिकडेच थांबा." थांबलो. पुढच्या महिन्यात पगार आला नाही. विचारले तर उत्तर आले, आपण देशाबाहेर आहात, सबब पगार नाही.

गंमत अशी, की तिकडे कारखाना सुरू झाला होता आणि पॅनवरचा माझा जोडीदार जोसेफ रोज फोन करीत होता. दाणा धरत नाही, रंग काळा येतोय, काय करू? मी व्हिडिओवर पॅनची काच बघून त्याला सांगत असे. एकदा माझी पत्नी मंगल ताट वाढून थांबली आणि वैतागून म्हणाली, "अवो, तुमी नेमके कुठं हाय? जेवायला बसला इथं अन साखर शिजवता तिकडं! अन वर म्हनं पगार न्हाई!"

त्यातच कंपनीकडून एक पत्र आले. सही करून पाठवा, म्हणजे नवीन नेमणूक म्हणून बोलावून घेऊ. मी सही करणारच होतो. मंगल म्हणाली, "आधी त्या भालेराव साहेबांना दाखवा." म्हणून मी श्रीरामपूर गाठले.

साहेबांनी चहा मागवला, मूळ करार आणि नवे पत्र दोन्ही शेवटपर्यंत वाचले आणि मग विचारले, "गोरख, आज तू रजेवर आहेस की कामावर?"

"रजेवर, साहेब."

"मग मघाशी माझ्या दारात उभा राहून फोनवर काय करत होतास?"

मी जोसेफच्या रोजच्या फोनबद्दल सांगितले. साहेब म्हणाले, "या कागदावर सही केलीस तर तू आजवर तिथे कामाला होतास हेच पुसलं जाईल. जुना परवाना गेला, जुनी नोकरी गेली. नव्या माणसासारखा पहिल्यापासून अर्ज."

"मग जोसेफचा फोन घ्यायचा बंद करू?"

"त्यानं तुझं काय वाईट केलंय? फोन घे. फोन झाला, की मॅनेजरला दोन ओळी लिहून पाठव. काय विचारलं, काय सांगितलं."

तसे मी प्रत्येक फोननंतर पाठवू लागलो. मॅनेजरचे उत्तर येई, "ठीक. उद्याही बघा." अशी उत्तरे बरीच जमल्यावर आम्ही दोघे कंपनीला पगाराच्या मागणीचे पत्र लिहायला बसलो. मी रागाने चार ओळी घातल्या होत्या, त्या साहेबांनी खोडल्या. "रागाला ते उत्तर देणार नाहीत. कामाला द्यावं लागेल." मग त्यांनी विचारले, "रोज काम केलंस?" मधले नऊ दिवस पुतणीच्या लग्नात फोन बंद होता, हे मी चाचरत सांगितले. साहेब म्हणाले, "मग ते दिवस सोडायचे. आणि सोडले हे पत्रात लिहायचं." मला ते जिवावर आले. पण लिहिले.

महिन्याभरात परवाना आला. माझी नोकरी अखंड धरली गेली आणि ते नऊ दिवस वगळून सगळा पगार मिळाला. तिकडे पोचल्यावर मॅनेजर म्हणाले, "नऊ दिवस तुम्ही स्वतःहून सोडलेत. ते वाचल्यावर बाकीच्यावर शंका घ्यायचं कारणच उरलं नाही." आता आमच्याकडे रजेवर जाणाऱ्या प्रत्येकाला परवान्याची स्थिती आणि पगाराची अट लेखी मिळते.

हा लेख लिहितो आहे हे साहेबांना कळले, तेव्हा त्यांनी एकच सूचना केली. "माझं चुकलेलंही लिही." म्हणून लिहितो. निवृत्तीनंतर सुरुवातीच्या काळात एका फिटरला त्यांनी फोनवरच ऐकून सांगितले होते, की साधा फॉर्म आहे, सही कर. तो निघाला परवाना रद्द करण्याचा अर्ज आणि त्या माणसाला विमानतळावरून परत यावे लागले. साहेब त्याच्या घरी गेले, त्याच्या वडिलांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "न वाचता बोललो. दोष माझा आहे." त्याला दुसरी नोकरी लागेपर्यंत साहेब त्याच्यासाठी अर्ज लिहीत राहिले. तेव्हापासून मूळ कागद हातात आल्याशिवाय ते कुणालाही सल्ला देत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याकडून निघालेला माणूस निर्धास्तपणे विमानात बसतो.

इतक्या जणांचे परवाने वाचणाऱ्या साहेबांनी स्वतः कधी देशाबाहेर पाऊल टाकले नव्हते. आता पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी आमचे पॅन-हाउस पाहायला यायचे कबूल केले आहे आणि त्यांचा पहिला पासपोर्ट मागच्याच महिन्यात घरी आला आहे. त्यावर दहा वर्षांची मुदत आहे. साहेबांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. ती मुदत संपेल तेव्हा नूतनीकरणाच्या रांगेत त्यांच्यासोबत उभे राहायला मी रजा काढून येईन, आणि त्याच्या पुढच्या नूतनीकरणालाही.