आप्पांचा हर्निया आणि भावाची उजळणी

माझा धाकटा भाऊ सर्जन होत होता, म्हणजे दिवसभर मोबाईल बघत होता. आमच्या सांबरा गावातल्या घरात दुसऱ्या कुणी एवढा वेळ मोबाईल बघितला असता तर आप्पांनी चपलेनं हाणलं असतं. पण ह्याचं नाव अभ्यास. सर्जरीची शेवटची परीक्षा एकदा हुकलेली, म्हणून आता ऑनलाइन उजळणीचे दोन-तीन कोर्स एकदमच लावलेले.

व्हिडिओ तो दुप्पट वेगानं लावायचा. मोठमोठे प्रोफेसर पित्ताशय काढताना असे बोलायचे की जणू मागं कुत्रं लागलंय.

"ह्यो मास्तर एवढा गडबडीत का हाय रं?" आप्पा विचारायचे.

"वेळ वाचतो, आप्पा."

वाचलेल्या वेळात तो दुसऱ्या कोर्समधलं तेच पित्ताशय बघायचा.

आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या जांघेत हर्निया. खोकला आला की एका हातानं तो दाबून धरायचे आणि दुसऱ्या हातानं आलेल्या पाहुण्याला बसा म्हणायचे. शहरात, कॅम्पातल्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, ऑपरेशन करून घ्या. आप्पांचं एकच पालुपद: "माझ्या पोटाला हात लावंल तर माझा पोरगाच. पास होऊ दे त्येला." गावभर सांगून झालेलं. मी भांडले, चिडले, एकदा रडलेसुद्धा. गडी ऐकेल तर शपथ!

मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून तोंडी परीक्षेच्या सरावाला परीक्षक मीच. वेबसाइटवरचा प्रश्न मी वाचायचा, भावानं ताठ बसून इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि मी ते खालच्या आदर्श उत्तराशी ताडून बघायचं. एका रविवारी आप्पा शेजारी शेंगा फोडत बसले होते. पोराचं इंग्रजी ऐकून भलतेच खूश. पुढचा प्रश्न मी भडाभडा वाचला आणि वाचून झाल्यावर मला कळला. रुग्ण तुमचे वडील आहेत. ऑपरेशन तुम्ही कराल का?

भाऊ श्वास घ्यायलासुद्धा थांबला नाही. करणार नाही. आपल्या माणसावर सर्जननं सुरी चालवू नये, डोकं ठिकाणावर राहत नाही, केस सहकाऱ्याकडे सोपवावी. शब्दन् शब्द छापल्यासारखा.

"किती मार्क, आक्का?"

"पैकीच्या पैकी."

"शाब्बास!" आप्पा म्हणाले. "पर म्हणाला काय त्यो?"

मी मराठीत सांगितलं. आप्पांच्या हातातली शेंग हातातच राहिली. आता कुठं भावाचं तोंड उतरलं. स्वतःचंच उत्तर पठ्ठ्याला मराठीत ऐकल्यावर समजलं!

"आप्पा, ते परीक्षेपुरतं हो..."

"परीक्षेपुरतं व्हय? मग खरं काय?"

भावानं मोबाईलकडं बघितलं. ह्याचं उत्तर कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं.

"मग मी ह्ये हातात धरून कुणाची वाट बघत बसलोय रं?" आप्पा एवढे मोठ्यानं ओरडले की खोकला आला, आणि हात आपसूक जांघेकडं गेला. खोकला थांबल्यावर मला म्हणाले, "पोरी, कॅम्पातल्या डॉक्टराला फोन लाव. उद्याच येतो म्हणून सांग." मग भावाकडं वळले. "आन् तू बी चल. सुरीबिरी काय नगं. नुसता भाईर बस. पोरगा हाईस न्हवं माझा?"

भाऊ ढसाढसा रडला. मला, खरं सांगते, लई बरं वाटलं.