साठ मीटर जादा वायर

मंगलला कुणी वायरमन म्हटलं की तिचं टाळकं सरकतं. "मी कॅमेरेवाली," ती ठणकावते. सांबरा गावाच्या आसपासची निम्मी दुकानं तिच्या कॅमेऱ्यांच्या नजरेखाली आहेत. पदर खोचून ती शिडीवर चढली, की खालच्या बाप्यांनी शिडी धरायची आणि तोंड मिटायचं, असा तिचा कायदा!

पण यात्रेच्या कुस्त्यांत तिची पार फजिती व्हायची वेळ आली. तिची लेक ऋतिका गोकाकच्या पोरीशी लढणार होती. पोरीला घडवलं आजोबांनी, नागोजी पैलवानांनी. आणि नेमके तेच खुब्याचं हाड मोडून तीन महिने खाटेवर पडलेले. मंगलनं सासऱ्यांना शब्द दिला होता, "मामा, पडल्या पडल्या मोबाईलवर सगळी कुस्ती दावते. एक डाव चुकायचा न्हाय."

त्यासाठी तिनं आखाड्याच्या कडेला खांबावर गरगर फिरणारा थोरला कॅमेरा चढवला. वीज आणि चित्र, दोन्हीची ये-जा नेटच्या वायरीतूनच. पण कॅमेरा भलताच खादाड. एका वायरीनं त्याचं पोट भरेना. म्हणून दोन वायरी, दोन पॉवरचे डबे. एक जवळच्या तालमीत, दुसरा लांब शाळेत. प्रत्येक डबा तीस वॅटचा, कॅमेऱ्याला लागणार पन्नासेक. झालं की काम!

कुठलं काय! सकाळी लहान पोरांच्या कुस्त्या लागल्या. जोडी भिडली, कॅमेरा वळला, की चित्र गडप. परत चालू, परत गडप. घरून नागोजींचा फोन आला.

"मंगल, भिडले की अंधार, सुटले की उजेड! ह्यो तुझा कॅमेरा लाजतोय काय गं?"

मंगलनं मोबाईलवर दोन्ही डब्यांचे आकडे काढले. कॅमेरा नुसता उभा होता, तरी तालमीचा डबा सव्वीस वॅटवर, शाळेचा दोनवर. म्हणजे सगळं ओझं एकटी तालीम ओढत होती. जोर लागला की ती धाप लागून बंद पडायची, मग शाळेचा डबाही कोलमडायचा.

हे असलं तिनं घरी रोज भोगलेलं. तिची खोली स्वयंपाकघराला लागून, धाकट्या जावेची, सौम्याची, माडीवर. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, हाक मारली की मंगल हजर. सौम्या "आले, आले" म्हणत जिना उतरेपर्यंत पोळ्या लाटूनसुद्धा झालेल्या. सौम्या कामचुकार न्हवे हो, बिचारी लांब!

"अगं बाई, शेण खाल्लं मीच!" मंगलनं कपाळावर हात मारला. वायर वाया घालवायची न्हाय ह्या हट्टापायी तिनंच तालमीची वायर पंधरा मीटरवर कापली होती. शाळेची होती पंच्याहत्तर. वीज आपली जवळच्या वाटेनं सुसाट.

तिनं साठ मीटरचं कोरं वेटोळं उचललं आणि तालमीच्या वायरीत जोडलं. आता दोन्ही वाटा सारख्याच लांब. यात्रा कमिटीचे भीमाप्पा डोळे फाडून बघत राहिले.

"अक्का, पंधरा पावलांवर जायला एवढी वायर? डोकं फिरलं काय?"

"फिरलं न्हाय अण्णा, जाग्यावर आलं!"

तालीम चौदा, शाळा चौदा. मंगलनं तिथंच टुणकन उडी मारली. पण कॅमेरा अजून उभाच होता. जोर लागल्यावर काय?

तेवढ्यात ऋतिकाचं नाव पुकारलं. हलगी कडाडली. "धर, धर!" "हिडी, हिडी!" मराठी, कन्नड सगळं एका घशातून निघायला लागलं. आकडे चढले. वीस, वीस. चोवीस, पंचवीस. मंगलची नजर मोबाईलवरून हलेना. आखाडा दहा पावलांवर; मान वर केली असती तर लेक दिसली असती. पण आकडा घसरला आणि आपण बघितलंच नाही, तर? सव्वीस, पंचवीस. "देवा, अशीच ऱ्हाऊ दे जोडी," ती पुटपुटत होती. मग एकच गलका उठला, आभाळभर गुलाल उडाला आणि मोबाईल वाजला.

"एवढासुद्धा अंधार न्हाय गं!" नागोजी हसत होते की रडत होते, कळेना. "पोरीनं असला डाव मारला! बघितलास न्हवं?"

"न्हाय मामा. आकडेच बघत हुते मी. आपलीच जिंकली न्हवं?"

पलीकडून नागोजी गरजले.

"जिंकली म्हंजे? नुसती जिंकली व्हय? थांब. खाली बस आधी. पयल्या सलामीपासनं सांगतो."

मंगल तिथंच मातीत बसली, एका कानावर हात दाबला आणि दुसऱ्या कानानं लेकीची कुस्ती बघायला लागली.