धुरपताचं शेपूट

आंजी गावच्या सुंदराबाईला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही तिनं पदर खोचून पाहुण्यांच्या भाकरी थापल्या होत्या. अशी बाई सत्तावन्न सालच्या आश्विनात, भर बुद्धवंदनेत ढसाढसा रडली, तर वस्तीला नवल वाटणारच.

दीक्षा घेऊन वर्ष होत आलं होतं. चंद्रभान मास्तर नागपूरहून वंदना शिकून आला होता आणि रोज संध्याकाळी लिंबाखाली सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेई. सुंदराबाईला त्यातले शब्द कळत नसत. पण वीसपंचवीस गळे एकदम उठले की तिला आपलं परकरातलं वय आठवे. तेव्हा याच दिवसांत वस्तीतल्या पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत आणि झाकल्या डब्यातला खाऊ ओळखत. दीक्षेनंतर आता वस्तीत भुलाबाई बसत नव्हती, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. आठवे ती धुरपता, तिची थोरली बहीण. खाऊ ती हमखास ओळखायची. गाण्यात मात्र तिचा घोटाळा. ओळ संपून सगळ्या थांबल्या तरी हिचा आवाज आपला लांबतच राही. पोरी त्याला धुरपताचं शेपूट म्हणत. हसण्यात सुंदरा सगळ्यांच्या पुढे.

एकदा नऊ वर्षांची सुंदरा भर अंगणात बहिणीला म्हणाली, "तू गाऊ नको. नुसते ओठ हालव."

धुरपतानं ऐकलं. त्या संध्याकाळी ती नुसते ओठ हलवत राहिली. पुढल्याच आठवड्यात मानमोडीच्या तापानं गाव धरलं, आणि त्यांच्या घरातून धुरपता गेली. सुंदरानं हे चाळीस वर्षं कुणालाच सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

आणि आता वंदनेत नत्थूची आठ वर्षांची सुलोचना नेमकी तशीच चुकू लागली होती. त्या एवढ्याशा लांबलेल्या सुरासाठी सुंदराबाई दिवसभर संध्याकाळची वाट पाही. त्या दिवशी मात्र मास्तर वैतागला. नीट जमेपर्यंत नुसते ओठ हलव, असं त्यानं पोरीला सांगितलं.

सुंदराबाई उठून उभी राहिली.

"गाऊ दे तिले, चंद्रभान," ती म्हणाली. "मी बी माह्या बहिणीले असंच सांगतलं होतं. मुकीच गेली ते, बापा."

मग तिला रडू आवरेना. मास्तर बिचारा ओशाळला. पोरीला मोकळ्या गळ्यानं म्हणायला सांगून त्यानं वंदना पुन्हा सुरू केली. पण सुलोचना आता भेदरली होती. ओळ संपली तशी सगळ्यांबरोबर तीही गप्प झाली.

तेव्हा सुंदराबाईनंच तो शेवट लांबवला, धुरपता लांबवायची तसा. कुणी हसलं नाही. पण आवाज तिचा स्वतःचाच होता, घोगरा, वय झालेला. धुरपताचा काही केल्या निघेना.