मास्तरांनी मोजलेली बोटं

आमचे मास्तर, म्हंजी माझे मालक, शाळेत सुतारकाम शिकवायचे, अन् भित्रे असे की इचारू नका. करवतीला भ्यायचे, पटाशीला भ्यायचे. तास सुटायच्या आधी "हात वर!" म्हणून एकेका पोराची बोटं मोजायचे. युसूफ वडगावच्या बाजारात बाया मला छेडायच्या, "घरीबी तुमची बोटं मोजतेत का?" मी म्हणायची, "मोजतेत की! तुमचं काय जातंय?"

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीची हीर आटली. तळाच्या खड्ड्यात पाझरायचं तेवढंच पाणी, त्यात बादली बुडंना. कुणीतरी दोरानं खाली उतरायचं अन् वाटीवाटीनं घागर भरायची, दुसरा इलाज न्हवता. चेअरमन माणिकरावांनी शाळेला बाभळीचं लाकूड दिलं अन् मास्तरांनी पोरांकडून हिरीवरची चौकट करून घेतली. दोन खांब, वर आडवं लाकूड, त्याला चाक.

"लाकूड ओलं हाय," मास्तर म्हणाले. "उन्हानं आकसंल, सांधे ढिले पडतेल. जरा थांबा."

"मास्तर, तुमी सावलीलाबी भिता," माणिकराव म्हणाले. "लेकरं तहानेनं तडफडायलीत, थांबायचं कसं?"

खोटं तरी काय होतं त्यात? चौकट उभी राहिली.

बायांमधी मी सगळ्यात हलकी. पहिले काही दिस नीट गेले. मग एका सकाळी मास्तर माझ्या कमरेची गाठ बघायला लागले. "आज नको जाऊ गं." मी म्हणाले, "गप बसा," अन् उतरले.

घागर भरून वर येत होते. अर्ध्यात आले अन् वर कर्रर्र झालं. तोंडावर माती पडली, दोर खाली हिसकला. आई गं! हातातली घागर सुटली, तळाला जाऊन फुटली. आता माझा नंबर, दुसरं काय! वर नुसता कालवा, "वढा! वढा!" त्यात मास्तरांचा आवाज न्हाई. मला वाटलं, भ्याले अन् पळाले.

वर आले तर मास्तर खांबाला चिकटलेले. आडवं लाकूड सांध्यातनं निसटत होतं, त्या फटीत त्यांनी पाचर ठोकावी तसा हात घातलता. चौघांनी लाकूड उचललं तवा हात निघाला. दोन बोटांचा चेंदामेंदा झालता.

मास्तरांच्या हाताची पट्टी सुटल्यावर पहिल्या तासाला मी भाकर घेऊन शाळंच्या दारात गेले. मास्तर म्हणाले, "हात वर!" पोरांची बोटं मोजून झाली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तूबी कर." मी हात वर केले. त्यांनी एकेक बोट मोजलं.

"समदी हायती," म्हणाले. "जा घरी."

सोताचे हात मातर पाठीमागं धरलेले होते.