पीएचपी बदलली आणि सगळे डॉक्टर झाले

एका रविवारी दुपारी, अकोल्यात बसल्या बसल्या, मी वऱ्हाडातल्या झाडून साऱ्या लग्नाळू मुलांना डॉक्टर केलं.

सासूबाई वधूवर सूचक मंडळ चालवायच्या आणि त्याची वेबसाइट मी बनवलेली. (कॉम्प्युटर शिकवणारी सून म्हणून काय रुबाब होता माझा!) दिवस असे, की पोरगा शेती करतो म्हटलं की मुलीकडचे फोनच ठेवायचे. माझा धाकटा दीर विनू हिवरखेडची शेती पाहायचा. देखणा, निर्व्यसनी, पण त्याच्यासाठी एक फोन येईल तर शपथ!

त्यात होस्टिंगवाल्यांचा निरोप आला: साइट ज्या भाषेवर चालते त्या पीएचपीची जुनी आवृत्ती बंद होतेय, नवी लावा.

नवरा म्हणाला, "आधी बॅकअप घे. साइटची एक कॉपी करून तिच्यावर नवी आवृत्ती चालवून पाह्य."

"एक बटन तर दाबायचं आहे!" म्हणत मी दाबलं. साइट उघडली, फोटो दिसले, मी निवांत झोपले.

माझ्या कोडची एक ओळ नव्या पीएचपीला पटली नव्हती. मुलांचे व्यवसाय काही तिला वाचता येईनात; मग ती प्रत्येकापुढे यादीतला पहिलाच व्यवसाय लावत सुटली. पहिला होता डॉक्टर!

उठले तर सासूबाई हरखलेल्या. "सूनबाई, विनूले पाहाले उद्या चांदूर बाजारचे पाव्हणे येऊन राहिले!"

पाहुणे मुलीला घेऊनच आले. मुलीच्या वडिलांनी चहा उचलत विनूला विचारलं, "दवाखाना कुठी हाय तुमचा?"

विनूला वाटलं, थट्टा चाललीय. "वावरातच!"

"अन् पेशंट?"

"सध्या सोयाबीन. लय किडलं यंदा."

काकांचा कप हवेतच थांबला. मी आत पळाले, साइट उघडली. मायबाई! ट्रकवाला डॉक्टर, रसवंतीवाला डॉक्टर, आणि खरा डॉक्टर तोही डॉक्टर!

"काका, चूक माझी आहे," मी बाहेर येऊन म्हटलं. "पीएचपी बदलली ना..."

"कोण बदलली?" काका ताडकन उठले. "फसवता काय आमाले? चाल वं प्रणाली!"

प्रणाली जागची हलली नाही. "बाबा, मले फोटो पाहूनच समजलं होतं. डॉक्टर कायले गुडघाभर चिखलात उभा राहीन?"

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं तुमी आले असते काय?"

काकांनी स्वतः जन्मभर संत्र्याची बाग केलेली. पण जावई शेतकरी नको म्हणून अडून बसलेले. सासूबाईंनी असे किती बाप समजावून पाहिले होते, एक बधला नव्हता. आणि ही पोरगी एवढंसं बोलून विनूला विचारत होती, "वावर दाखवसान काय?"

आम्ही हिवरखेडला गेलो. काका शेताच्या धुऱ्यावर फुगून उभे होते. पण विनू औषध चुकीचं फवारतोय हे दिसताच त्यांना राहवेना. शेवटी धोतर खोचून तेच शिकवायला वावरात उतरले. लग्न जमलं!

मग मी शहाण्यासारखं केलं. बॅकअप घेतला, कॉपीवर ती ओळ सुधारली, पान न् पान तपासलं आणि त्यानंतरच खऱ्या साइटला हात लावला. सारं बिनचूक! कौतुक? कोणी केलं नाही.

लग्नाच्या पंगतीत मात्र दोन-तीन बाया मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. त्यातली एक पोराचा फोटो माझ्या हातात कोंबत म्हणाली, "माहंबी पोट्टं शेतीच करते वं बाई. याचंबी जरा तसंच बिघडवून दे ना!"

इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवतेय मी. पण माझ्या कामासाठी अशी रांग त्याच दिवशी लागली, आणि तीही बिघडवायसाठी!