चिखलात फिरवलेलं लोहचुंबक

भातलावणीच्या त्या दिवशी गुंजवण्याच्या आमच्या खाचरात ढग उतरले होते. राजगड पार पुसला गेला होता. त्या पांढऱ्यात आई चिखलात वाकून रोपं लावत होती. मध्येच तिचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. मंगळसूत्र नव्हतं.

वडील पुण्याला दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आईच्या मनात काय आलं ते मला बांधावरून कळलं.

हातांनी चिखल चाळून झाल्यावर तिनं मला घरी पिटाळलं. "जुन्या स्पीकरातलं लोहचुंबक हाय बघ, त्ये आण."

"आई, सोनं नाही गं चिकटत त्याला!" मी चिडलेच. लहानपणी त्याच चुंबकानं मी सगळं स्वयंपाकघर तपासलं होतं. तवा चिकटे, विळी चिकटे. पितळेची कळशी आणि अल्युमिनियमचं पातेलं ढिम्म. स्टीलचा तांब्या एवढा चकचकीत, पण तोसुद्धा ओळख दाखवत नसे.

"न्हाई तर न्हाई. तू फिरव."

मग मी सुतळीला बांधलेलं चुंबक रोपांमधून ओढत राहिले. पाण्यात ढग, ढगात आम्ही दोघी. खाचर कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. चुंबक वर काढावं तर त्याला काळ्या वाळूची लव फुटलेली, मांजराच्या पाठीसारखी मऊ. कधी खिळा, कधी बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा तुकडा. मला गुंगीच आली. आपण काय शोधतोय तेही क्षणभर विसरले.

मग एकदा सुतळी जड लागली. चुंबकाला एक सेफ्टी पिन चिकटली होती आणि पिनेला मंगळसूत्र लोंबत होतं. आमच्याकडच्या बायका वेळेला हाताशी असाव्यात म्हणून पिना मंगळसूत्रालाच अडकवतात. त्यावरून मी आईला किती चिडवलं होतं!

आईनं ते पाण्यात खळबळलं, तुटलेली कडी त्याच पिनेनं जोडली, गळ्यात घातलं आणि ओल्या हातानंच मोबाईल मागितला.

"काय गं, झाली का लावणी?" तिकडून वडिलांनी विचारलं.

"लावणी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी उद्या बिनघोर जावा आत. आमी वाट बगतोय."

आणि भर खाचरात, माझ्यासमोर, ती रडायला लागली.