बत्तीसनंतर तेहतीस

कुणकेश्वरातून कोणी मुंबईला निघालं, की एसटी पकडण्याआधी दाजींच्या ओट्यावर पाच मिनिटं टेकून जायचं.

"दाजीनू, लालबागाक जाऊचा आसा."

दाजी डोळे मिटायचे. "करी रोडाक उतर. थयसून चलत जा. टॅक्सीवालो बोलवीत, बसा नको."

माणूस जायचा, काम करून यायचा, येताना दाजींसाठी चार बिस्किटांचे पुडे आणायचा. सल्ला कधी चुकला नाही.

बेचाळीस वर्षं दाजींनी गावात टपाल वाटलं. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी यायच्या त्या काळात प्रत्येक फॉर्मवर पाठवणाऱ्याचा पत्ता असायचा. चाळीचं नाव, खोलीचा नंबर, नाका, आणि शेवटी पिनकोडचे सहा आकडे. वाडीतल्या निम्म्या बायकांना वाचता यायचं नाही. दाजी दारात उभे राहून मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि वाचलेलं त्यांच्या डोक्यात राहायचं. पिनकोडच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून ते भाग ओळखायचे. गिरगाव चार. परळ बारा. दादर चौदा. कोण कुठे उतरून कसा घरी जातो हेही ते विचारून ठेवायचे. एकाकडून घेतलेलं दुसऱ्याला द्यायचं, टपालासारखंच. दाजी स्वतः मुंबईला कधी गेलेत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. दाजींनीही आपणहून सांगितलं नाही.

शेजारच्या रसिकाला मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं ते मार्गशीर्षात. मराठी घेऊन बीए झालेली मुलगी. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका लहानशा छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम होतं. सोमवारी सकाळी अकरा वाजता, काळाचौकीला. वडील देवगडच्या ट्रॉलरवर, एकदा गेले की आठ-आठ दिवस समुद्रात. आई विनीता देवळाबाहेर नारळ-बेलाचं दुकान लावायची. सोमवार म्हणजे शंकराचा वार. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं तर आठवडाच बुडाला.

"एकटी मी धाडूचंय नाय," विनीता म्हणाली. "दाजी येत आसतीत तर जा. तेंका सगळी मुंबय म्हायत आसा."

दाजी हो म्हणाले. त्या क्षणी दुसरं काही म्हणणं त्यांना जमलं नाही.

बेत ठरवायला रसिका रोज संध्याकाळी ओट्यावर येऊ लागली. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर दाजींनी पेन्सिलीने मांडणी सुरू केली. एकच दिवस. कणकवलीहून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, परत रात्रीची गाडी. राहायचं नाही. विनीताचे दीर डोंबिवलीला होते, पण त्यांच्याकडे उतरायचं तर तांदूळ, नारळ, कोकमं, वर जाऊबाईंना साडी. "तेच्यापेक्षा हॉटेल स्वस्त," विनीता म्हणाली होती, आणि कुणी वाद घातला नव्हता.

जेवण घरून न्यायचं. दाजींची बायको नर्मदा भाकऱ्या आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, चटणी देणार होती.

"नर्मदाकाकी, मुलाखतीक माझ्या हाताक सुंगटांचो वास मारतलो."

"मारूं दे. पुस्तकां काय नाकान तपासतत?"

दाजी हसले नाहीत. ते आकडे लिहीत होते.

"हां, ऐक," ते म्हणाले. "गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत सोडूची नाय. थय उतरला की मंत्रालय जवळ. मंत्रालय म्हणजे बत्तीस. समुद्र बगूचो, तोंड धुवचा, भाकरी खावची. आणि तुजी काळाचौकी तेहतीस. बत्तीसानंतर तेहतीस. चलत जावया. बसचो खर्च नाय."

दाजींच्या बीटवर, रोजच्या टपालाच्या फेरीत, असंच होतं. घर नंबर चौतीस, मग एक फणस, मग पस्तीस. बेचाळीस वर्षांत हा क्रम कधी मोडला नव्हता.

रसिकाने फोनवर नकाशा उघडला. मंत्रालय टाकलं. काळाचौकी टाकली. मग बराच वेळ ती नुसती बघत राहिली.

"दाजी, हे दोन लांब आसत. सात-आठ किलोमीटर. काळाचौकी दादरापासून जवळ पडता. आपण दादराकच उतराक व्हया."

"फोन चुकता कदी कदी."

तिने फोन त्यांच्यासमोर धरला. दाजींनी चष्मा नाकावर ओढला. एक ठिपका खाली, अगदी टोकाला. दुसरा वर. मध्ये कितीतरी गल्ल्या, आणि त्यांत दाजींना पाठ असलेले आकडे कुठल्या कुठे सांडलेले. एकतीस एकीकडे, तीस दुसरीकडे. चौतीस तर पार समुद्राला लागून.

"दाजी," रसिकाने आवाज खाली आणला. "तुमी मुंबैक शेवटचे कदी गेल्लास?"

दाजींनी पेन्सिलीचं टोक बघितलं.

आतून नर्मदेचा आवाज आला. "शेवटचे कसले गो. पयले तरी खंय गेलेत?"

रसिकाने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. लहानपणापासून तिने या ओट्यावर बसून मुंबई ऐकली होती. कुठल्या चाळीचा जिना मोडका, कुठल्या नाक्यावर पाणी सकाळी चारला येतं, कुठला भटारखाना इराण्याचा. हे सगळं दाजींनी इथेच बसून जमवलं होतं, दुसऱ्यांच्या पत्रांतून, एकेका ओळीने.

"रजाच गावत नसायची," दाजी म्हणाले. "रजा घेवची तर आपणच बदली माणूस शोधून देवचो. आणि माझी पिशवी मी कोणाकडे देवक बगी नसंय. मगे रिटायर झालंय. तवसर सगळे माका इचारूक लागलेले. आता कसा सांगतलंय?"

रसिकाने मांडीवरचा फोन सुलटा केला.

"आयेक सांगू नकात," ती म्हणाली. "फोन आसा माझ्याकडे. आपण जावया. तिका कळला तर ती माका धाडूची नाय. मगे परत असा बोलावणा येवचा नाय."

हे खरं होतं. गेल्या वर्षभरात तिने नऊ ठिकाणी अर्ज केले होते. उत्तर आलं ते एवढंच.

ती गेल्यावर त्यांनी लग्नपत्रिका घडी घालून खिशात ठेवली.

सकाळी ते देवळाकडे गेले. विनीता नारळ पुसून रचत होती. समोर दाजी उभे राहिले ते तिला आधी गिऱ्हाईकच वाटले.

"विनीता, एक सांगूचा आसा."

"सांगा ना."

"मी मुंबैक कदी जावक नाय."

विनीताचा हात नारळावर थांबला. एक बाई दोन मुलं घेऊन आली. विनीताने तिला बेल दिला, नारळ दिला, शेंडी नीट धरायला सांगितलं. बाई पायऱ्या चढून गेल्यावर ती वळली.

"मगे माझ्या जावेक तुमी भायखळ्याचा सांगलास ता?"

"ता बरोबर होता."

"होय. बरोबरच होता." ती पुन्हा नारळ रचू लागली, पण रचलेलेच उचलून परत ठेवत होती. "दाजीनू, माझी एकच पोर आसा. मी तुमच्या भरवशावर हो म्हटलंय."

"म्हणानच इलंय."

"रसिकाक म्हायत आसा?"

"काल कळला तिका."

"आणि ती म्हणाली असतली, आयेक सांगू नकात."

दाजींनी फळीवरचा एक नारळ सरळ केला. विनीताला उत्तर मिळालं.

"माका पिशवी दिली तेव्हा," दाजी सावकाश म्हणाले, "जुनो पोस्टमन भाई आठ दिवस माझ्यावांगडा चललो. घर दाखवल्यान, कुत्रो दाखवल्यान, खंयची म्हातारी भयरी ता सांगल्यान. मगेच पिशवी माझ्या खांद्यार दिल्यान. मुंबैची वाट माका कोणी चलून दाखवक नाय. जो रोज चलता तेका इचारतंय. तू ऐक. मगे काय ता ठरव."

त्यांनी तिथेच, दुकानाच्या फळीवर फोन ठेवून सुदेशला लावला आणि सोमवारचा बेत सांगितला. सुदेश वरच्या वाडीतला, वीस वर्षं काळाचौकीला राहणारा. त्याच्या आईला महिन्याच्या महिन्याला त्याची पत्रं दाजींनी वाचून दाखवली होती.

"दाजी, मी येतंय ना दादराक घेवक. घराकच चला, जेवान करून ठेवतंय."

"येव नको. सोमवार आसा, तुजी पाळी बुडात. माका फक्त वाट सांग. मुंगीच्या पावलान सांग."

सुदेश सांगत गेला. दादरला पूर्वेच्या बाजूने बाहेर पडायचं. मोठा रस्ता येईपर्यंत चालायचं. दक्षिणेकडे जाणारी बस. हिंदमाता जाईल, परळ जाईल, लालबागला उतरायचं. मग डाव्या हाताला वळायचं, मग सरळ. दाजी दर दोन वाक्यांनी त्याला थांबवायचे. "डावीकडे कोणतां दुकान? रस्तो ओलांडूचो काय? किती पावलां?" मंत्रालय, समुद्र, सगळं खोडून लग्नपत्रिकेवर नवी वाट उमटली. रस्त्याकडे पाठ करून बसलेली विनीता प्रत्येक शब्द ऐकत होती. मधे एक गिऱ्हाईक आलं तर तिने हातानेच त्याला थांबवलं.

फोन बंद झाला. दाजींनी कागद तिच्यापुढे धरला. तिने तो पूर्ण वाचला.

"जावा," ती म्हणाली. "पण एक. चुकलास तर इचारा. म्हायत असल्यासारख्या चलू नकात."

"नाय चलूचंय."

सोमवारी सकाळी ते दादरला उतरले तेव्हा उजाडत होतं. स्टेशनवरच्या नळावर तोंडं धुतली. रसिकाने प्रतीक्षालयात कपडे बदलून साधा पंजाबी ड्रेस घातला. एकेक चहा घेतला, तेवढीच चैन. वेळ पुष्कळ होता, तरी दाजी नऊ वाजताच निघाले. बस मिळाली. हिंदमाता आलं. दाजी पुटपुटले. परळ आलं. दाजी खिडकीतून दुकानांच्या पाट्यांखालचे पत्ते वाचत होते. "बारा. अजून बारा." शेजारच्या माणसाने त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

लालबागला उतरून ते डावीकडे वळले. इथवर सुदेशचा कागद अचूक होता. पण छापखान्याची गल्ली काही सापडेना. एकदा ते एका गोदामाच्या फाटकाशी पोचले. दुसऱ्यांदा फिरून पुन्हा त्याच फाटकाशी. फोनमधला निळा ठिपका एका इमारतीच्या पोटात जाऊन बसला होता. सव्वादहा झाले. रसिकाच्या कपाळावर घाम आला.

दाजी थांबले. पदपथावर पलीकडून खाकी कपड्यांतली एक तरुण बाई येत होती, खांद्याला पिशवी, हातात पत्रांचा गठ्ठा, वरचं पत्र अंगठ्याखाली. दाजी तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. आयुष्यभर लोकांनी त्यांना पत्ते विचारले होते. विचारायचं कसं, हे त्यांना क्षणभर समजेना.

"बाई, जरा हा पत्ता सांगता का?"

तिने कागद घेतला. दाजींनी ज्या वेगाने वाचला असता त्याच वेगाने वाचला.

"हे जुनं नाव. पाटी बदलली त्यांनी. गोदामाच्या मागून जिना आहे, दुसरा मजला. समोरून दिसत नाही, सगळेच चुकतात." तिने दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. "चला, मला तिकडेच जायचंय."

ती पुढे, हे दोघे मागे. वाटेत तिने चार दारांत पत्रं सरकवली. एका दारात कडी वाजवून, "आजी, पेन्शनचा कागद आलाय, सही करायची आहे," असं जोरात ओरडली आणि आजी येईपर्यंत उभी राहिली. घाई असूनही रसिका थांबली. दाजीही थांबले. त्या दोन मिनिटांत त्यांना बाईचं काम बघायचं होतं. जिन्याशी तिने बोट वर केलं आणि थांबलीसुद्धा नाही.

अकराला वीस मिनिटं कमी होती. रसिकाने हात हुंगले.

"येता वास?"

"येता," दाजी म्हणाले. "जा."

ती वर गेली. दाजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. विनीताचा फोन आला.

"पोचलास?"

"पोचलंव. दोनदा चुकलंव."

"मगे?"

"मगे इचारलंय."

पलीकडे देवळाची घंटा वाजली. कुणीतरी बेल मागत होतं. "बरा केलास," विनीता म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

रसिका खाली आली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. चेहऱ्यावरून काही कळेना. तिने पायरीवर बसून आधी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"दोन पानां तपासूक दिल्यानी. बारा चुका काढलंय. ते म्हणाले दहाच होत्या." ती थांबली. "एक तारखेपासून ये म्हणाले. तीन म्हयने बगतले, मगे कायम."

दाजींनी मान हलवली. मग पुन्हा हलवली. डबा उघडला. दोघांनी तिथेच पायरीवर भाकरी आणि चटणी खाल्ली. वरून उतरणारा एक माणूस वास घेत थबकला, हसला, आणि निघून गेला.

गाडी रात्रीची होती. आठ-नऊ तास हातात होते, आणि लग्नपत्रिकेवर यापुढचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"आता खंय जावया, दाजी?"

दाजींनी डबा बंद केला. झाकण नीट बसलंय का ते पाहिलं. पूर्वी असा प्रश्न आला की ते डोळे मिटायचे. आता त्यांनी गल्लीच्या तोंडाशी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"माका म्हायत नाय," ते म्हणाले आणि उठले. "चल, कोणाक तरी इचारूया."